चादरीची पलीकडची कड

१

साडेआठला बाईंची लेक, ताई, घराबाहेर पडायची आणि साडेआठलाच मावशी आत शिरायच्या. दोघींची अदलाबदल उंबऱ्यावरच व्हायची. झोप कशी झाली, पोट साफ झालं का, सकाळची गोळी दिली का, या तीन प्रश्नांची उत्तरं ताई चपला चढवता चढवता देऊन टाकायची आणि जिन्याला लागायची. मग संध्याकाळी सहापर्यंत घरात दोघीच. पलंगावर बाई आणि पलंगाभोवती मावशी.

बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय ब्याऐंशी, अंगाने उंच आणि रुंद, वजन पंच्याऐंशी किलोच्या घरात. दहा महिन्यांपूर्वी झटका आला आणि डावा हात, डावा पाय लुळा पडला. जीभ तेवढी वाचली, आणि ती वाचल्याचा पुरावा त्या दिवसभर देत असत. अंग पुसायचं पाणी कोमट नसेल तर "कुणी शिकवलं तुला?" नखं कापताना मावशींचा हात जरा थरथरला तर "पुन्हा कर." मावशी स्वतः छप्पन्नच्या, अर्धे केस पांढरे झालेल्या, पण बाईंच्या लेखी त्या वर्गात उशिरा आलेली मुलगीच होत्या. मावशींना त्याचं काही वाटत नसे. छताकडे बघत गप्प पडून राहणाऱ्या माणसापेक्षा खेकसणारं माणूस सांभाळायला बरं, असं त्यांचं पक्कं मत होतं.

नुसते हातपाय गेले असते तर एक वेळ चाललं असतं. पण बाईंची डावी बाजूच हरवली होती. डोळे ठणठणीत होते, तरी डावीकडे काही असतं हेच त्यांचा मेंदू विसरून गेला होता. ताटातलं उजवं अर्धं संपवून त्या "झालं माझं" म्हणायच्या. मावशींनी ताट फिरवून पुढे केलं की "पुन्हा कशाला वाढलंस?" म्हणून डाफरायच्या. डावीकडून हाक मारली तर उजवीकडे शोधायच्या. व्यायाम शिकवायला आठवड्यातून एकदा फिजिओवाली यायची. तिने ताईला बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी त्या आपणहून डावीकडे मान वळवतील, त्या दिवशी मला फोन करा. असाल तिथून करा."

ताई त्या दिवसाची वाट बघत होती. कामावरून आल्यावर उंबऱ्यावर तिचा पहिला प्रश्न तोच असायचा, आणि मावशी रोज नकारार्थी मान हलवायच्या.

२

अंथरुणाला खिळलेलं माणूस घसरतं. जेवू घालायला उशाकडची बाजू वर केली की ते हळूहळू पायथ्याकडे सरकत जातं, हनुवटी छातीला टेकते, श्वास कोंडतो, आणि पाठीची कातडी चादरीवर घासली जाते ती वेगळीच. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा त्याला वर घ्यावं लागतं. त्यासाठी कमरेखाली एक आडवी चादर कायम घातलेली असते. दोघींनी दोन बाजूंना उभं राहायचं, आपापली कड गुंडाळून मुठीत घट्ट धरायची, एकीने मोजायचं आणि तीनला दोघींनी मिळून उचलून उशाकडे न्यायचं.

यातले नियम साधे असतात, पण ते मोडले तर कुणाची तरी कंबर मोडते. मोजणारी एकच असते. तीनच्या आधी कुणी उचलत नाही. कुणी "थांब" म्हटलं की सगळ्यांनी जिथल्या तिथे थांबायचं. हात मात्र सोडायचे नाहीत, कारण हात सोडले तर रोगी खाली.

मावशींनी हे बावीस वर्षं केलं होतं, एका इस्पितळाच्या हाडांच्या वॉर्डात. जोडीदारीण कायम एकच. आवाज असा की शेवटच्या खाटेवरचा बहिराही दचकावा, म्हणून सगळे तिला तोफ म्हणायचे. मावशी मोजायच्या आणि तोफ पलीकडची कड धरायची. दोघींचे हात इतके जुळले होते की उचललेल्या रोग्याला कळायचंही नाही.

बाईंकडे मात्र मावशी एकट्याच होत्या. माणसं पाठवणाऱ्या संस्थेने कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, "उचलण्यास दोन व्यक्ती आवश्यक." ताईने विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "कशाला उगाच दोन? मी एकटी पुरे आहे." पलंगाच्या डाव्या अंगाला, भिंतीच्या आणि पलंगाच्या मधे, दुसरीला उभं राहण्यापुरती हातभर जागा सोडलेली होती ती तशीच रिकामी राहिली.

त्या का असं म्हणाल्या, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या कमरेचा मणका सरकला होता. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं होतं की आता उचलायचं नाही, पुन्हा सरकला तर पाय जातील. दुसरी बाई हाताखाली आली असती तर आठ दिवसांत तिच्या ध्यानात आलं असतं की मावशी वाकताना दात खातात, आणि संस्थेला कळायला कितीसा वेळ? मग भावाच्या घरी बसून राहायचं. भाऊ चांगला होता, वहिनी तर त्याहून चांगली. पण बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे मावशींनी बावीस वर्षं पाहिलं होतं. त्यांना मरणाची भीती नव्हती. कुणीतरी आपल्या अंगाखाली आडवी चादर घालेल, याची होती.

३

मावशी या घरी आल्यापासूनच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. दुपारचं जेवण झालं होतं आणि बाई बऱ्याच खाली सरकल्या होत्या. एकट्याने वर घ्यायची रीत वेगळी असते. पलंगाची उशाकडची बाजू खाली करायची, रोग्याचा चांगला गुडघा वाकवायचा आणि वीतवीत करत ओढायचं. घाम निघतो, वेळ जातो, पण होतं. मावशी रोज तसंच करत.

त्या दिवशी कंबर सकाळपासून ठणकत होती आणि लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्यांनी आपल्या बाजूची कड गुंडाळली, मुठी आवळल्या, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "एक, दोन, तीन."

बाई उचलल्या गेल्या. ओढल्या गेल्या नाहीत, अलगद उचलल्या गेल्या आणि एका दमात उशीला जाऊन टेकल्या. वजन वाटलं ते निम्मं.

मावशी चादर धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही पायाने रेटा दिलात का?"

"तू सांगितलंस का रेटा दे म्हणून?"

"नाही."

"मग मी कशाला देऊ?"

दिला असेल, मावशींनी मनाशी ठरवलं. उजवा पाय तर चांगलाच होता. माणसं पुष्कळदा जोर लावतात आणि त्यांनाच पत्ता नसतो. त्या वळसा घालून डाव्या अंगाला गेल्या, चादर सारखी करायला. तिकडची कड गुंडाळलेली होती. चांगली घट्ट, तीन वेढ्यांची, आणि तिच्यावर खांद्याएवढ्या अंतराने दोन जागी कापड चुरगळलेलं होतं. मुठीत आवळून धरल्यावर चुरगळतं तसं.

मावशींनी ती कड सोडवली, हाताने दाबून दाबून सुरकुत्या मोडल्या आणि गादीखाली खोचून टाकली.

४

मावशी काही भोळसट नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी न मोजता ओढून पाहिलं. बाई पंच्याऐंशी किलोच्या होत्या. मग मोजून उचललं, तर बाई निम्म्या. बाईंचा उजवा पाय उशीवर ठेवून, म्हणजे रेट्याला काही लागू नये असा ठेवून, पुन्हा मोजलं. बाई निम्म्याच.

त्यांनी कारणं शोधली. मोजल्याने आपला श्वास जुळत असेल. नव्या गादीचं कापड गुळगुळीत असेल. झालंच तर, आपलं डोकं फिरलं असेल, हेही त्यांनी इमानदारीने यादीत घातलं. डाव्या अंगाच्या त्या हातभर जागेत त्यांनी ओल्या फडक्याने फरशी पुसून ठेवली आणि ती वाळेपर्यंत पाहत बसल्या. फरशीवर काही उमटलं नाही.

भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा कमरेचं सुख मोठं निघालं. आठवड्याभरात ठणका थांबला. रात्री कूस बदलताना जाग येईनाशी झाली. भावाच्या घराचा जिना त्या कठड्याला न धरता चढायला लागल्या, आणि वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हाला हे काम मानवलं हो!" मावशी हसल्या. आतून त्यांना चोरी पकडली गेल्यासारखी लाज वाटली.

शिवाय जे काही होतं ते कामाला चोख होतं. तीनच्या आधी कधी उचललं नाही. धक्का दिला नाही. कूस बदलताना बाईंचा लुळा हात अंगाखाली अडकू दिला नाही. नव्या पोरींना हे शिकवता शिकवता वर्ष जातं. मावशींना कौतुक वाटायला लागलं, आणि कौतुक वाटतंय हे लक्षात आल्यावर त्या दिवशी त्यांचा चहा कपातच राहिला.

५

मग बाईंनी डावीकडे पाहिलं.

ते ताईनेच पाहिलं, म्हणून मावशींवर सांगायची पाळी आली नाही. रविवार होता. ताई उजवीकडे बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होती आणि बाईंनी मान वळवली. हळूहळू, पण आपली आपण, थेट डावीकडे. ताईने पेपर टाकला आणि रडायलाच लागली. फिजिओवालीला फोन केला. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी येते म्हणून सांगितलं आणि खरंच आली.

तिने डाव्या बाजूला चमचा धरला. बाईंना दिसला नाही. ताट ठेवलं, तर उजवं अर्धंच खाल्लं गेलं. कागदावर घड्याळ काढायला लावलं. बाईंनी बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले.

"पण मान तर वळते हो!" ताई म्हणाली.

"वळते, ते मी पाहिलं ना." फिजिओवाली पेन्सिल चावत होती. "गंमत म्हणजे जवळचं त्यांना अजून दिसत नाहीये. आणि नजर अशी वर जाते. पलंगापाशी कुणी उभं असलं की आपण बघतो ना, तशी." मग ताईचा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, "चांगलंच लक्षण आहे. होईल सुधारणा."

ताई त्या दिवशी गाणं गुणगुणत कामाला गेली. दार लागल्यावर मावशींनी बाईंचं अंग पुसायला घेतलं. गळा झाला, काख झाली, बाईंनी डावीकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "तिला बसायला सांग. सकाळपासून उभी आहे."

मावशींच्या हातातला कपडा बादलीत पडला.

"कुणाला, बाई?"

"तुझ्या जोडीदारणीला. कामाची आहे. पण तोंड उघडत नाही. नवीन आहे का?"

"दिसते कशी?" मावशींनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

बाई विचारात पडल्या. वर्गातल्या एखाद्या मुलीचं नाव आठवत नसावं, तसा चेहरा झाला त्यांचा. "नखं कापलेली आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "बघून घे, स्वच्छ मुलगी आहे."

६

त्या दुपारी मावशींनी तोफेला फोन लावला. दोन वर्षांत बोलणं नव्हतं. घंटा वाजत राहिली तसतसा मावशींचा जीव वरखाली व्हायला लागला. उचललाच नाही तर? किंवा दुसऱ्याच कुणी उचलला, आणि रडक्या आवाजात सांगितलं तर?

"कोण गं?" तोफ कानात फुटली. मावशींनी फोन वीतभर लांब धरला आणि त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

तोफेचं बरं चाललं होतं. गुडघे गेले होते, नातवंडं डोक्यावर बसली होती, सून बोलायला फटकळ पण मनाची चांगली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि मग उगाच विचारल्यासारखं विचारलं, "तू कधी एकटीने उचलताना मोजलंस का गं?"

पलीकडे तोफेने चालू असलेला टीव्ही बंद केला. तोफेच्या बाबतीत ही नवलाची गोष्ट होती.

"तू मोजतेस?"

"सवय लागलीय."

"मोडून टाक." तोफ पहिल्यांदाच हळू बोलत होती. "अगं, मोजलं की अंगाला वाटतं पलीकडे कुणीतरी आहे. मग ते निम्माच जोर लावतं. आणि पलीकडे कुणी नसलं की सगळं ओझं येतं कमरेवर. किती जणी अशा गेल्या, आठवत नाही का तुला?"

"आणि पलीकडे कुणी असलं तर?"

"मग एकटी कुठे आहेस?" तोफ म्हणाली आणि लगेच मागे कुणा नातवावर ओरडली. बोलणं तिथेच संपलं.

७

पुढचे दहा-बारा दिवस मावशी मोजायच्या नाहीत. ठरवलं म्हणजे ठरवलं. ओठ मिटून वीतवीत ओढायच्या. ठणका परत आला, दात खाणं परत आलं. बाई वैतागल्या. "ती उभी आहे ना तिथे? तिला का नाही सांगत? जोडीदारणीशी भांडलीस का?"

"भांडले," मावशी म्हणाल्या.

"भांडणं घरी. इथे काम करायचं."

मग एका गुरुवारी मावशी स्वयंपाकघरात सूप गाळत होत्या. बाईंच्या खोलीतून बोलल्याचा आवाज आला, पण बाई दिवसभर बोलतच असत. मग काहीतरी करकरलं. मावशी सूप घेऊन आत गेल्या तर पलंग रिकामा होता.

बाई खिडकीपाशी व्हीलचेअरमधे बसलेल्या होत्या. मावशींनी आधी बाईंकडे पाहिलंच नाही. बावीस वर्षांच्या सवयीने त्यांची नजर पहिल्यांदा खाली गेली. दोन्ही चाकांचे ब्रेक लावलेले. दोन्ही पावलं पायटेकीवर, सारखी ठेवलेली. लुळा हात मांडीवर, खाली उशी. अंगाचा डावीकडे झोक जाऊ नये म्हणून डाव्या बरगडीला टॉवेलची गुंडाळी. शोधूनही खोट काढता येऊ नये असं बसवलेलं माणूस.

"कुणी मोजलं?" मावशींनी विचारलं.

"मी." बाई प्रसन्न होत्या. दहा महिन्यांत त्या इतक्या प्रसन्न दिसल्या नव्हत्या. "रोज ऐकते ना, पाठ झालंय. तू बोलत नाहीस तिच्याशी, तर म्हटलं आपणच सांगावं. लगेच ऐकते."

मावशींनी सूप टेबलावर ठेवलं आणि त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. बाई मोजायला लागल्या तर बाई कशालाही मोजतील. खिडकीत उभं कर म्हणतील. जिना उतरव म्हणतील. लहर आली तर मधेच सोड म्हणतील, आणि ब्याऐंशीव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय, हे मावशींना पाठ होतं. ताईला सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं? दोघींचं काम आपण एकटीने अंगावर का घेतलं इथपासून सुरुवात करावी लागली असती. मावशींनी संध्याकाळी उंबऱ्यावर तोंड उघडलं सुद्धा. ताईने विचारलं, "आज पाहिलं का डावीकडे?" मावशींनी होकारार्थी मान हलवली आणि चपला घातल्या.

८

शुक्रवारी सकाळी आल्या आल्या त्यांनी पलंगाच्या चाकांचे ब्रेक काढले आणि पलंग ढकलत ढकलत डाव्या भिंतीला नेऊन टेकवला. हातभर जागा होती ती संपली. बोट घालायला फट उरली नाही. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही सुचलं, असं वाटून मावशींना हसू आलं.

"पलंग का हलवला?" बाईंनी विचारलं.

"झाडायला सोपं जातं."

बाईंनी डावीकडे मान वळवली. भिंत होती. बराच वेळ त्या भिंतीच्या दिशेने बघत राहिल्या. "ती कुठे गेली?"

"काम सोडलं तिने."

"मला न विचारता?" बाईंचा चेहरा उतरला. मावशींना त्यांची दया आली.

सकाळी दोनदा त्यांनी बाईंना नेहमीच्या रीतीने वर घेतलं. घाम निघाला, पण मन हलकं होतं. खोलीत दोघीच होत्या, हे त्यांना कुणी न सांगता कळत होतं. दीड वाजता जेवण झालं. बाई इतक्या घसरल्या होत्या की पावलं पायथ्याच्या फळीला टेकली होती. मावशींनी कड गुंडाळली. मनात आलं, आज संध्याकाळी ताईला सांगून टाकू. कमरेचं सांगू. दुसरी बाई मागवू. हे सगळं नीट ठरत होतं, आणि तोंड आपलं आपण मोजत होतं.

"एक, दोन, तीन."

अंगाने निम्मा जोर लावला. बाई पंच्याऐंशी किलोच्या होत्या.

कमरेत काहीतरी सरकलं. आवाज झाला नाही, पण मावशींना तो ऐकू आला. मग त्या फरशीवर होत्या, पलंगाच्या उजव्या अंगाला, व्हीलचेअरच्या चाकाला डोकं लागून. पाय कुठे आहेत ते दिसत होतं. कळत नव्हतं.

त्यांनी पहिल्यांदा बाईंचा विचार केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पलंगाचा उजवा कठडा खाली होता. "बाई, हलू नका. मी पडलेय."

"दिसतंय मला." बाईंनी मान वाकवून खाली पाहिलं. "लागलं का गं?" असं त्या कधी विचारत नसत.

"फोन स्वयंपाकघरात आहे. ताई येईपर्यंत आपण दोघी गप्पा मारू. हलू मात्र नका."

बाईंची नजर मावशींच्या चेहऱ्यावरून उचलली गेली आणि मावशींच्या डोक्याच्या मागे, वर, उभ्या माणसाच्या उंचीवर जाऊन थांबली. त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस होय! आणि ही म्हणते काम सोडलं."

मावशींना आता समजलं. पलीकडे उभं राहायला जागा उरली नव्हती, म्हणून ते अलीकडे आलं होतं.

"बाई, नको. मोजू नका."

"तुला उठवायला नको का? अशी किती वेळ पडून राहणार?" बाईंचा आवाज खणखणीत झाला. शाळेच्या पटांगणात हाच आवाज लागत असेल. "चल गं. एक."

मावशींच्या दोन्ही काखांत मागून दोन हात आले. पकड बरोबर होती. बोटं जुळलेली, अंगठा बाहेर, म्हणजे काखेत रुतू नये. मावशींना फक्त बोटांची टोकं दिसली, आपल्याच छातीच्या दोन्ही बाजूंना. साधी, कामाने जाड झालेली बोटं. नखं मुळाशी कापलेली. वॉर्डातल्या साबणाचा वास आला.

"दोन."

"थांब," मावशी ओरडल्या. "थांब, थांब!"

हात थांबले. नियम म्हणजे नियम. मावशी वाट बघत राहिल्या, त्या हातांच्या आत, श्वास रोखून. हात थांबले होते. पण सुटले नाहीत.

"ऐकू नकोस तिचं," वरून बाई म्हणाल्या. "तीन."

९

सहाला ताई आली तेव्हा मावशी व्हीलचेअरमधे बसलेल्या होत्या. ब्रेक लावलेले, पावलं पायटेकीवर, कमरेमागे उशी. ताईने नंतर डॉक्टरांना सांगितलं की इतक्या दुखण्यात त्या आपल्या आपण चढून बसल्या कशा, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, कधीकधी माणसं करतात असं. बाईंनी "आम्ही बसवलं तिला" असं तीन-चारदा सांगितलं, पण बाईंचं कोण मनावर घेणार?

मावशींना भावाच्या घरी नेलं. पाय जातील असं डॉक्टर म्हणाले नाहीत, येतील असंही म्हणाले नाहीत. तीन महिने बघू, म्हणाले. वहिनीने आपली खोली दिली. पलंग भिंतीला चिकटवून ठेवा, असा मावशींनी धोशा लावला, पण भाऊ एका बाजूने आणि वहिनी दुसऱ्या बाजूने उभी राहिल्याशिवाय त्यांना वर घेता येत नव्हतं. पलंग खोलीच्या मधोमध आला. पहिल्याच दिवशी वहिनीने कमरेखाली आडवी चादर घातली. घालताना तिने मावशींकडे पाहिलं नाही, आणि मावशींनी तिच्याकडे पाहिलं नाही. मावशी त्या दिवशी पोटभर रडल्या.

"एक करा माझं," त्यांनी दोघांना सांगितलं. "उचलताना मोजू नका."

"मग कसं कळणार कधी उचलायचं?" भावाने विचारलं.

"डोळ्यांनी खुणवा."

भावाला वाटलं, दुखण्याने माणूस हट्टी होतं. पण तो बहिणीचं ऐकणारा होता. तेव्हापासून ती दोघं एकमेकांकडे बघून मान हलवायची आणि उचलायची. मावशी जड लागायच्या. भाऊ कण्हायचा, वहिनीचा चेहरा लाल व्हायचा, आणि ते कण्हणं ऐकून मावशींच्या जिवाला बरं वाटायचं.

महिन्याभराने ताईचा फोन आला. आता दोन बायका ठेवल्या होत्या, काम ठीक चाललं होतं. "पण मावशी, आई पुन्हा डावीकडे बघत नाही हो. तुम्ही पडलात त्या दिवसापासून एकदाही नाही. सारखी विचारते, तुझी मावशी तिला पण घेऊन गेली का म्हणून. कुणाबद्दल बोलते काही कळत नाही. तुम्हाला कळतंय का?"

"नाही," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर आठवड्याभराची गोष्ट. भाऊ बाहेर गेला होता. दुपारचे तीन वाजले असतील, खोलीत लख्ख ऊन होतं. मावशी घसरून पार खाली आल्या होत्या आणि मान अवघडली होती.

"मी घेते ना वर," वहिनी म्हणाली. "वीतभर तर घ्यायचंय."

"राहू दे. दादा येऊ दे."

"संध्याकाळ होईल त्यांना. तोवर अशाच पडणार का?" वहिनीने कमरेला पदर खोचला आणि उजव्या बाजूची कड गुंडाळायला घेतली. डाव्या बाजूची कड पलंगावरून खाली लोंबत होती, मावशींनी ती मघाशीच पाहिली होती.

"वहिनी, मोजू नकोस हं."

"अहो, मोजल्याशिवाय मला एकटीला जोर येत नाही," वहिनी हसून म्हणाली. "एक, दोन, तीन!"

मावशी उशीला जाऊन टेकल्या. धक्का बसला नाही. हात अंगाखाली अडकला नाही. वहिनी चादर हातात धरून तशीच उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं आणि काळजीही होती.

"अगंबाई, वन्सं," ती म्हणाली, "किती हलक्या झालात तुम्ही!"

मावशींनी मान उजवीकडेच ठेवली.